नांगर धरायचा कुणी? अमेरिकेतल्या काउंटी पुअर फार्मची हकिगत

ओहायो राज्यात टोलेडोहून दक्षिणेला निघालं की अर्ध्या तासात बोलिंग ग्रीन हे कॉलेजचं गाव लागतं. गावाबाहेरच्या एका रस्त्याचं नाव आहे 'काउंटी होम रोड'. त्या रस्त्यावर विटांची एक लांबलचक, मोठ्या वाड्यासारखी इमारत आहे. आज तिथे वुड काउंटीचं संग्रहालय आहे, शाळेच्या सहली येतात. पण १८६९ ते १९७१ अशी १०२ वर्षं या इमारतीत काउंटीतली अशी माणसं राहिली, ज्यांना दुसरीकडे कुठेच थारा नव्हता. मूल नसलेला म्हातारा शेतमजूर, लग्नाआधी दिवस गेलेली मुलगी, फेफरं येणारा तरुण, यंत्रात हात गेलेला कामगार. इमारतीभोवती काउंटीच्या मालकीचं शेत होतं, गोठा होता, डुकरं होती. वेड्यांसाठी वेगळं घर होतं आणि मागे कबरस्तान.

या ठिकाणाला सरकारी कागदावर 'इन्फर्मरी' म्हणत, पुढे 'होम' म्हणू लागले. लोकांच्या तोंडी मात्र कायम एकच नाव: पुअरहाउस. शेतासकट बोलायचं तर पुअर फार्म. आपल्या भाषेत गरीबखाना म्हणता येईल, पण त्यात शेत येत नाही, आणि गंमत सगळी शेतातच आहे.

काउंटी म्हणजे साधारण आपल्या एक-दोन तालुक्यांएवढा मुलूख. रस्ते, तुरुंग, कोर्ट आणि गोरगरीब ही तिची जबाबदारी. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेच्या ग्रामीण भागात बहुतेक काउंट्यांनी एकेक पुअर फार्म काढलं. १९२० च्या दशकात केंद्र सरकारच्या कामगार खात्याने या सगळ्यांचा हिशेब मांडला तेव्हा देशात दोन हजारांवर पुअरहाउसं निघाली आणि त्यांच्या नावावर साडेतीन लाख एकरांच्या आसपास जमीन. सरासरी काढली तर दर पुअरहाउसमागे सुमारे १६० एकर पडते. होमस्टेड कायद्याखाली पश्चिमेकडे एका धडधाकट कुटुंबाला कसायला मिळायची, साधारण तेवढीच.

आता साधा प्रश्न. कुटुंबाकडे बाप होता, पोरं होती, बैल-घोडे होते. इथे आंधळे, पांगळे, म्हातारे आणि तान्ही मुलं. मग १६० एकर कसायचे कुणी? हा प्रश्न धरून गेलं की पुअर फार्मचा सगळा इतिहास आपोआप उलगडतो.

शेताच्या आधी काय होतं

अमेरिकेतल्या वसाहतींनी गरिबांचा कायदा इंग्लंडहून आणला. राणी एलिझाबेथच्या काळातला १६०१ चा कायदा सांगत होता की प्रत्येक पॅरिशने, म्हणजे चर्चच्या हद्दीतल्या गावाने, आपापल्या गरिबांना पोसावं आणि त्यासाठी घरपट्टीसारखा कर बसवावा. कर गोळा करून वाटणारा माणूस म्हणजे 'ओव्हरसियर ऑफ द पुअर'. आपल्याकडे ओव्हरसियर म्हटलं की बांधकाम खात्यातला माणूस आठवतो, इथे तो गरिबांचा मुकादम होता.

'आपापल्या' या शब्दात सगळी ग्यानबाची मेख. कुणाचा गरीब कुणाचा, हे ठरवायला वहिवाटीचे नियम आले. अमेरिकेच्या ईशान्येकडच्या न्यू इंग्लंडमध्ये गावात नवीन, फाटकं कुटुंब आलं की कॉन्स्टेबल दारात जाऊन बजावून यायचा: तुम्ही इथले नाही, पुढे उपाशी मरायची वेळ आली तर आमच्याकडे मागायचं नाही. आजारी म्हातारीला गाडीत घालून शेजारच्या गावाच्या वेशीवर नेऊन सोडायचं, त्या गावाने परत पाठवायचं, मग दोन्ही गावांनी वकील लावायचे. वकिलांवर झालेल्या खर्चात म्हातारी सुखाने जगली असती.

आपल्या गावचा गरीब ठरलाच तर त्याला सांभाळायचे चार मार्ग होते. एक, घरपोच मदत: थोडं पीठ, सरपण, जोडे, डॉक्टरचं बिल. दोन, ठोक कंत्राट: गावातले सगळे गरीब एका माणसाच्या अंगावर घालायचे आणि त्याला वर्षाची एक रक्कम द्यायची. तीन, गरिबांसाठी एखादं घर बांधायचं. आणि चौथा, लिलाव.

लिलाव म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे चढती बोली येते. इथे उतरती होती. गावातल्या खाणावळीत, बऱ्याचदा दारूच्या पेल्यांच्या साक्षीने, एकेक गरीब पुढे उभा केला जाई. याला वर्षभर ठेवायला गावाकडून किती घ्याल? एकाने आकडा सांगायचा, दुसऱ्याने त्याहून कमी. सर्वांत कमी पैशांत ठेवायला जो तयार, त्याच्या घरी तो माणूस वर्षभर जाणार. गाव देईल ते पैसे आणि त्या माणसाकडून काढून घेता येईल तेवढं काम, दोन्ही बोली जिंकणाऱ्याचं. सरकारी टेंडर सर्वांत कमी बोलीवाल्याला गेलं की रस्त्याचं काय होतं, हे आपल्याला नव्याने सांगायला नको. इथे रस्त्याच्या जागी माणूस होता. पोट जितकं मारता येईल तितका नफा. आई एका घरी आणि मुलं दुसऱ्या घरी, असंही होई.

तेव्हा पुअर फार्मची कल्पना निघाली ती या लिलावाला कंटाळलेल्या भल्या माणसांच्या डोक्यातून. हे विसरून पुढच्या गोष्टी वाचल्या तर ती माणसं राक्षस वाटतील. ती तशी नव्हती.

चारात एक

१८२४ साली न्यूयॉर्क राज्याचे सचिव जॉन व्हॅन नेस येट्स यांनी राज्यभरातल्या गरिबांची माहिती गोळा करून विधिमंडळापुढे अहवाल ठेवला. अमेरिकेतल्या पुअरहाउसांच्या इतिहासात एवढा परिणाम करणारा कागद क्वचितच दुसरा असेल. लिलाव क्रूर आहे, घरपोच मदतीने माणसं आळशी होतात, वहिवाटीच्या खटल्यांत पैसा वाया जातो, असं त्यांनी मांडलं. उपाय काय? प्रत्येक काउंटीत एक घर आणि त्याला जोडून पुरेसं मोठं शेत. गरिबांनी आरोग्याला चांगलं असं, मुख्यतः शेतीचं, काम करावं. त्यांच्या मुलांना नीट शिकवावं आणि वय झालं की कुठल्यातरी धंद्याला लावावं. त्याच वर्षी कायदा झाला आणि पुढच्या दशकांत इतर राज्यांनी हाच कित्ता गिरवला.

कागदावर योजना झकास आहे. गरिबाला छप्पर, हाताला काम, करदात्याच्या खिशाला आराम. शेतच सगळ्यांना पोसणार, काउंटीचा खर्च हळूहळू शून्यावर येणार.

पण त्याच अहवालात एक तक्ता आहे. राज्यात कायम मदतीवर जगणारे ६,८९६ गरीब मोजले होते. त्यांत २,६०४ चौदा वर्षांखालची मुलं. ९२८ अतिशय म्हातारे आणि जर्जर. ७९७ लंगडे किंवा कायमचे आजारी. ४४६ वेडे आणि मतिमंद. २८७ आंधळे. आणि योग्य काम दिलं तर पोटापुरतं कमावू शकतील, असे किती? १,७८९. तेही, अहवालाच्याच म्हणण्याप्रमाणे, ऐन उमेदीतले नव्हेत.

म्हणजे चारात एक. शेत काढायच्या आधीच, शेत काढा म्हणणाऱ्यांच्याच हातात हा आकडा होता. मला या सगळ्या प्रकरणात सर्वांत नवल वाटतं ते याचंच. कुणी लपवाछपवी केली नाही. तक्ता छापला, लोकांनी वाचला आणि तरीही शेतावर धान्य पिकवून ही माणसं स्वतःला पोसतील, असं धरून चालले. त्या काळच्या अमेरिकेत शेती हे सगळ्या रोगांवरचं औषध मानलं जाई. आपल्याकडेही अधूनमधून कुणीतरी शहरातल्या भिकाऱ्यांना जमिनी द्या म्हणतं, त्यातला प्रकार.

दार उघडं ठेवायचं, पण कुणी येऊ नये असं

योजनेला आणखी एक गाठ होती आणि ती आतून आवळत गेली. पुअरहाउस चांगलं चालवलं तर लोक मजेत येऊन राहतील, ही भीती. इंग्लंडने १८३४ च्या नव्या कायद्यात हा विचार उघड तत्त्व म्हणून मांडला: गरीबखान्यातलं जिणं बाहेरच्या सर्वांत हलाखीतल्या मजुराच्या जिण्याहूनही नकोसं असलं पाहिजे. जो खरा नाडलेला तोच मग दार ठोठावेल. अमेरिकेने शब्द उचलले नसले तरी मन तेच होतं. पेनसिल्व्हेनियात तर त्याच्या कितीतरी आधी, १७१८ च्या कायद्याने, मदत घेणाऱ्याला उजव्या बाहीवर लाल किंवा निळ्या कापडाचं 'पी' हे अक्षर आणि सोबत काउंटीचं आद्याक्षर लावावं लागे. 'पी' म्हणजे पॉपर, कंगाल. काही राज्यांत गरीबखान्यात राहणाऱ्याचा मताचा हक्कही जाई.

आता दोन्ही गोष्टी एकत्र ठेवून बघा. जागा इतकी नकोशी करायची की हातीपायी धड असलेला माणूस फिरकू नये. आणि शेत असं काढायचं की हातीपायी धड असलेल्या माणसांशिवाय चालू नये.

ऋतूंनी यात भर घातली. ओहायो-आयोवाकडे नोव्हेंबरनंतर जमीन गोठते, मजुरी मिळत नाही. धडधाकट पण बेकार माणसं पुअरहाउसात यायची ती तेव्हा, म्हणजे शेतात काही काम नसताना. मार्च-एप्रिलमध्ये नांगरटीचे दिवस आले, बाहेर रोजगार सुरू झाला, की ती निघून जायची. मागे उरायचे काठीवाले. खायच्या वेळी पंगत भरलेली, पेरायच्या वेळी रान मोकळं.

मग शेत चालत कसं होतं? काउंटी एक अधीक्षक नेमायची. तो बहुधा आसपासचा शेतकरीच असे, पुष्कळदा निवडणूक जिंकलेल्या पक्षाचा माणूस. त्याची बायको 'मेट्रन'. नवरा-बायको एकाच इमारतीच्या पुढच्या भागात राहायचे, जेवणखाण संस्थेचं. नवऱ्याकडे शेत, गुरं आणि पुरुष. बायकोकडे स्वयंपाक, धुणं, आजारी माणसं, बाळंतपणं, बायका आणि मुलं. दोघांपैकी कुणाचं काम जास्त, ते सांगायला नको. पगार मात्र बऱ्याच ठिकाणी नवऱ्याच्याच नावाने. अवजड शेतकामाला बाहेरचे गडी पगारावर ठेवायचे. राहणाऱ्यांपैकी ज्यांच्याकडून होईल त्यांनी गाई पिळायच्या, डुकरांना खाणं घालायचं, बटाटे खणायचे, लाकडं फोडायची. यातले खरे राबते हात बहुधा मतिमंद म्हणून आणून सोडलेल्या माणसांचे असत. वीस-वीस, तीस-तीस वर्षं एकाच गोठ्यात राबलेली माणसं. बायका कपडे धुवायच्या, शिवायच्या, भाज्या बरण्यांत भरून ठेवायच्या. या कामाचा मोबदला म्हणजे जेवण आणि खाट.

वुड काउंटीचा मुलूख मुळात दलदलीचा. 'ग्रेट ब्लॅक स्वॅम्प' नावाचं ते प्रचंड दलदलीचं जंगल एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात चर खणून, जमिनीखाली भाजक्या मातीचे नळ घालून उपसलं गेलं. खालची काळी माती निघाली ती सोन्यासारखी. अशा जमिनीवर मका, गहू, गवत, बटाटे, सफरचंद, डुकरं, दुभती जनावरं असं सगळं होई. काउंटीच्या वार्षिक अहवालात एवढे बुशेल मका, एवढे पौंड लोणी असे आकडे अभिमानाने छापायचे. शेतामुळे जेवणाचा खर्च नक्की कमी व्हायचा, हे खरंच आहे. मंदीच्या वर्षांत तर ताटात दूध-अंडी असलेली जागा म्हणून बाहेरच्यांना हेवाही वाटला असेल. पण शेतानेच सगळ्यांना पोसावं, हे स्वप्न फळलं नाही. कामगार खात्याच्या त्या हिशेबात साडेतीन लाख एकरांपैकी निम्म्याहून थोडीच अधिक जमीन लागवडीखाली निघाली, आणि शेकडो पुअरहाउसांत राहणारी माणसं दहासुद्धा नव्हती. दहा म्हातारे, एक अधीक्षक, एक मेट्रन, दोन गडी आणि दीडशे एकर. कोण कुणासाठी होतं, असा प्रश्न पडावा.

वहीतले रकाने

गरीबखान्यात पहिलं पाऊल टाकलं की नाव वहीत जायचं. नाव, वय, जन्म कुठला, केव्हा आला, कंगालपणाचं कारण. कारणाच्या रकान्यात एकेक शब्द: म्हातारपण, आजार, दारू, वेड, 'नवऱ्याने टाकली'. पुढच्या रकान्यात एकतर गेल्याची तारीख, नाहीतर मेल्याची.

न्यूयॉर्कच्या धर्मादाय मंडळाने १८७५ पासून याहून मोठा छापील फॉर्म आणला. त्यात बाप दारू पीत होता का, आई पीत होती का, आईबाप कधी मदतीवर जगले होते का, असे प्रश्न. गरिबी हा घराण्यातला रोग आहे आणि पुरेशी माहिती गोळा केली तर त्याचं मूळ सापडेल, असा त्या काळच्या शहाण्यांचा समज. फॉर्मच्या शेवटाकडे एक प्रश्न आहे: या व्यक्तीचं पुढे काय होईल असं दिसतं? म्हणजे ती मदतीतून कधी बाहेर पडेल का. उत्तर लिहायचं ते कारकुनाने. समोर बसलेल्या सत्तर वर्षांच्या बाईचं भवितव्य एका ओळीत भरायचं, सही करायची आणि पुढचा फॉर्म घ्यायचा.

वेडे, मुलं आणि प्रेतं

एकाच छपराखाली सगळ्यांना कोंबल्याचे परिणाम दिसायला फार वर्षं लागली नाहीत. शाळामास्तरीण असलेल्या डोरोथिया डिक्स यांनी मॅसॅच्युसेट्समधले तुरुंग आणि पुअरहाउसं दोन वर्षं पायांखाली घातली आणि १८४३ मध्ये विधिमंडळाला निवेदन दिलं. पिंजरे, कपाटं, तळघरं, गोठ्यातले कप्पे यांत कोंडलेले, साखळीने बांधलेले, उघडे, मार खाणारे वेडे लोक, असं त्यांनी गावांची नावं घेऊन लिहिलं. १८५७ मध्ये न्यूयॉर्कच्या सिनेटची समिती काउंटी पुअरहाउसं बघून आली. तिच्या अहवालातलं एक वाक्य प्रसिद्ध आहे: यांतल्या काही संस्थांतल्या गरिबांपेक्षा पाळीव जनावरांची व्यवस्था सहसा जास्त माणुसकीने होते. हे वाचताना मला आपले पांजरपोळ आठवले. तिथे गाय भाकड झाली म्हणून तिला कुणी काम लावत नाही.

यातूनच वेड्यांसाठी राज्याची वेगळी इस्पितळं आली. न्यूयॉर्कचं विलार्ड १८६९ मध्ये उघडलं. तिथे आलेली पहिली रुग्ण एका काउंटीच्या पुअरहाउसातून आणलेली बाई होती. बोटीतून धक्क्यावर उतरवली तेव्हा तिच्या अंगावर साखळ्या होत्या, आणि अशी ती कित्येक वर्षं बांधलेली होती. ही नवी इस्पितळंही पुढे तुंबली, पण ते वेगळं प्रकरण.

मुलांची पाळी नंतर आली. १८७५ मध्ये न्यूयॉर्कने तीन ते सोळा वर्षांच्या मुलांना पुअरहाउसात ठेवायला बंदी केली. त्याच्या पुढच्याच वर्षी शेजारच्या मॅसॅच्युसेट्समध्ये नऊ वर्षांची, जवळजवळ आंधळी झालेली एक मुलगी धाकट्या भावासोबत ट्यूक्सबरीच्या गरीबखान्यात दाखल झाली. हा काउंटीचा नव्हे, राज्याचा गरीबखाना, पण आतली तऱ्हा तीच. भाऊ काही महिन्यांत तिथेच गेला. मुलगी चार वर्षं राहिली. १८८० मध्ये तपासणीला बडे लोक आले तेव्हा ती त्यांच्या मागे मागे फिरली आणि शेवटी धीर करून पुढे झाली: मला शाळेत जायचंय. तिला अंधांच्या पर्किन्स शाळेत पाठवलं. ती अ‍ॅन सलिव्हन, हेलन केलरची बाई. हेलनच्या हातावर पाणी सोडून शब्द शिकवणाऱ्या बाईंची गोष्ट आपल्याकडे शाळेत सांगतात, त्यात हा गरीबखाना सहसा येत नाही.

लोकांना गरीबखान्याची धास्ती होती ती मेल्यानंतरचीही. मॅसॅच्युसेट्सने १८३१ मध्ये आणि न्यूयॉर्कने १८५४ मध्ये असे कायदे केले की सरकारी खर्चाने पुरायची, कुणी न्यायला न आलेली प्रेतं वैद्यकीय शाळांना चिरफाडीसाठी देता यावीत. यामागे कबरी उकरणाऱ्या चोरांना आळा घालायचा हेतू होता. पण गरिबाच्या घरी त्याचा अर्थ एकच पोचला: तिथे मेलात तर मातीसुद्धा मिळायची नाही. ज्यांना माती मिळाली त्यांच्या कबरीवर अनेक ठिकाणी नावाऐवजी नुसता आकडा आहे.

हाच विचार आपल्या अंगणात

नकोशी जागा करून खरा गरजू ओळखायचा, ही इंग्रजी युक्ती बोटीत बसून आपल्याकडेही आली. १८७६-७८ च्या दुष्काळात इंग्रज अधिकारी सर रिचर्ड टेंपल यांनी दुष्काळी कामावरच्या मजुराला दिवसाला पौंडभर धान्याच्या हिशेबाने मजुरी ठरवली. पुणे सार्वजनिक सभेने त्याविरुद्ध अर्जांवर अर्ज केले. पुढे १८८० च्या दशकात दुष्काळ संहिता आली. तिच्यात धडधाकटांना खडी फोडायचं काम आणि ज्यांना काम होत नाही त्यांना 'पुअरहाउस', अशी विभागणी होती, शब्दसुद्धा तोच. अमेरिकेत जवळजवळ तीन वर्षं राहून आलेल्या पंडिता रमाबाई १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतात फिरल्या, तेव्हा त्यांना दिसलेलं पहिलं पुअरहाउस मुळी घरच नव्हतं, गावाबाहेरची झाडांची राई होती. तिथून त्यांनी मुली-बायका आणल्या आणि केडगावला आपल्या संस्थेच्या जमिनीवर वसवल्या.

आपल्या रोजगार हमी योजनेतही कुळकथा तीच, पण उलटी फिरवलेली. १९७७ च्या कायद्याने महाराष्ट्रात काम मागणं हा हक्क झाला. उन्हात माती उचलायला जो येईल तो गरजू, दुसरा दाखला मागायचा नाही. कसोटी कामाचीच आहे. मात्र कोंडून ठेवणं नाही आणि संध्याकाळी घरी जाता येतं.

एका कलमाने रिकामं झालेलं घर

मुलं गेली, वेडे गेले, क्षयाचे रोगी वेगळ्या इस्पितळांत गेले. पुअरहाउसात उरले म्हातारे. १९२३ च्या गणतीत देशभरच्या पुअरहाउसांत ७८ हजार माणसं होती, आणि निम्म्याहून अधिक वृद्ध. नाव गरीबखान्याचं, पण काम वृद्धाश्रमाचं. याच सुमारास निवृत्तिवेतनासाठी झगडणाऱ्यांनी सोपा हिशेब मांडायला सुरुवात केली: म्हाताऱ्याला घरी बसून पैसे दिले तर ते पुअर फार्म चालवण्यापेक्षा स्वस्त पडतील. त्यात १९२९ नंतरची महामंदी आली. ओरेगन राज्यातल्या पोर्टलंडजवळच्या मल्टनोमा काउंटीच्या पुअर फार्ममध्ये, जिथे १९११ साली दोनशेच्या आसपास माणसं आली होती, तिथे मंदीत सहाशेच्या वर गेली. आयुष्यभर बचत केलेल्या माणसाची बँक बुडाली आणि तो 'त्या' दारात उभा राहिला, तेव्हा गरिबी आळशांना होते, हे म्हणणं अवघड झालं.

१४ ऑगस्ट १९३५ रोजी राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी सोशल सिक्युरिटी कायद्यावर सही केली. आपण त्याला पेन्शनचा कायदा म्हणून ओळखतो. पण त्याच्या पहिल्याच भागात गरजू वृद्धांना लगेच मिळणारी मदत होती: महिन्याला तीस डॉलरपर्यंत, निम्मे केंद्राचे आणि निम्मे राज्याचे. अट एक होती. सरकारी संस्थेत राहणाऱ्याला केंद्राचा वाटा मिळणार नाही. हे कलम मुद्दाम घातलं होतं, जेणेकरून केंद्राच्या पैशावर पुअरहाउसं पोसली जाऊ नयेत.

एका ओळीने शंभरावर वर्षांच्या संस्थेचा पाया काढून घेतला. ज्यांच्या अंगात जीव होता ते म्हातारे पैसे घेऊन नातेवाइकांकडे किंवा भाड्याच्या खोलीत गेले. अंथरुणाला खिळलेल्यांचं काय? त्यांना सांभाळायला माणूस हवाच. सरकारी घरात राहिले तर पैसे बंद, म्हणून खाजगी घरं निघाली. कुणा विधवेने, कुणा नर्सने आपल्या घरात चार-सहा म्हातारे ठेवायला सुरुवात केली आणि त्यांच्या मदतीचे चेक हा तिचा धंदा झाला. आजच्या अमेरिकेतल्या खाजगी नर्सिंग होमच्या धंद्याचं एक ठळक मूळ इथे आहे. मुलाकडे ओहायो-न्यू जर्सीला गेलेल्या आपल्या आईबापांना जे 'होम' दुरून दिसतं, त्याचा आजा हे पुअर फार्म.

कायदा करणाऱ्यांना वाटलं होतं की पुअरहाउस संपेल. पुष्कळ काउंट्यांनी पाटी बदलली आणि तेच घर चालू ठेवलं. १९५० च्या दुरुस्तीने सरकारी वैद्यकीय संस्थांतल्या वृद्धांनाही मदत मिळू लागली, १९६५ मध्ये गरिबांच्या औषधोपचाराचा खर्च देणारी मेडिकेड ही सरकारी योजना आली, आणि अनेक जुनी पुअरहाउसं काउंटीची नर्सिंग होम बनून आणखी एक पिढी टिकली. शेत मात्र गेलं. दूध बाहेरून घेणं स्वस्त झालं, अग्निशमनाचे आणि स्वच्छतेचे नियम कडक झाले, आणि रुग्णाकडून बिनपगारी काम करून घेणं कायद्यात बसेना. गाई लिलावात गेल्या. यावेळी बोली चढती होती.

आता तिथे काय आहे

पोर्टलंडजवळचं ते फार्म १९८२ मध्ये बंद झालं, पाडायचंही घाटत होतं. स्थानिक इतिहास मंडळाने अडवून धरलं. १९९० मध्ये एका हॉटेलवाल्या भावांच्या जोडीने ते घेतलं. आज तिथे बिअर बनते, वाइन बनते, लग्नं लागतात. जिथे एकेकाळी माणसं माथ्यावर कलंक घेऊन शिरत, तिथे शनिवारची खोली मिळायला आधी नोंदणी करावी लागते.

आयोवातल्या जॉन्सन काउंटीने १८५५ मध्ये आयोवा सिटीजवळ पुअर फार्म काढलं होतं. ती जमीन अजून काउंटीच्याच ताब्यात आहे. वेड्यांना ठेवायला १८६० च्या आसपास बांधलेली एक बुटकी लाकडी इमारत तिथे अजून उभी आहे, आत गोठ्यासारखे कप्पे. तिच्या अलीकडे भाजीचे वाफे आहेत. काही तुकडे स्वतःची जमीन नसलेल्या नवख्या शेतकऱ्यांना दिले जातात, त्यांत दुसऱ्या देशांतून येऊन वसलेलेही आहेत. काही वाफ्यांतली भाजी गावातल्या मोफत अन्नकेंद्रांना जाते. पिकवणारे वेगळे, खाणारे वेगळे. खाणाऱ्याने आधी कुदळ मारून दाखवावी, अशी अट नाही. टोमॅटोचा हंगाम ऑगस्टात भरात येतो.